वाचनालयाची किल्ली

२०१८ च्या उन्हाळ्यात मोताळा तालुक्यातलं सिंदखेड पंचेचाळीस दिवस रानात होतं. हातात टिकाव, फावडी, घमेली आणि डोक्यावर विदर्भातलं एप्रिल-मेचं ऊन. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत त्या वर्षी या गावाने राज्यात दुसरा क्रमांक मिळवला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या भांडवलीबरोबर तो विभागून होता. चर खणायचे होते, बांध घालायचे होते, आणि ते श्रमदानाने झाले.

याच बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पाळीपाळीने येतात, ठरलेले दिवस ठरलेलं काम करतात आणि आपापल्या घरी परततात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात मांडवाचे खांब रोवणारे आणि पंगतीत वाढणारे हातही असेच जमतात. बुलढाणा जिल्ह्याला विनामोबदला काम करण्याचा धडा बाहेरून आणावा लागत नाही.

मग याच मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे डोळ्यांसमोर आणावं. स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं, आसपासच्या खेड्यांचा राबता असलेलं हे गाव. अशा गावात पाण्यासाठी माणसं जमतात, देवासाठी जमतात. वाचनालयासाठी का जमत नाहीत? ‘आता वाचतंय कोण’ हे उत्तर तयारच असतं. ते सोपं आहे आणि बरंचसं चुकीचंही. पाण्याची टंचाई हंड्यावर दिसते, सप्ताहाची तारीख पंचांगात असते. बंद वाचनालयाची झळ मात्र कुणाला एका दिवसात लागत नाही. शिवाय गावाला या कामासाठी कुणी बोलावलेलंच नसतं. वाचनालय म्हणजे अध्यक्षांचं, सचिवांचं किंवा सरकारचं, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. ती आधी काढून टाकायला हवी.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याने १९६५ मध्ये कायदे केले, तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि त्यातून सार्वजनिक ग्रंथालयं चालवली. महाराष्ट्राने उपकर घेतला नाही. गावातल्या माणसांनी एकत्र यावं, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली संस्था नोंदवावी, जागा बघावी, वर्गणी जमवावी, पुस्तकं घ्यावीत आणि शासनाने मान्यता देऊन अ, ब, क किंवा ड वर्गाप्रमाणे अनुदान द्यावं, असा इथला मार्ग. राज्यातली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतली बहुतेक सगळी अशाच स्थानिक संस्थांची आहेत. खेड्यातलं वाचनालय तलाठी कार्यालयासारखं वरून आलेलं नाही. ते कायद्यानेच गावाचं आहे.

हा मार्ग आभाळातून पडला नाही. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, अमरावतीचं १८६७ चं. मोठी सरकारी योजना नसताना शहाण्या माणसांनी वर्गणी काढून ही घरं उभी केली. ठाण्यात १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ मराठी पुस्तकांचं संग्रहालय काढलं, तेही लोकांच्याच बळावर. १९३९ मध्ये मुंबई सरकारने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गावापासून राज्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड कशी असावी, हे त्या समितीने मांडलं. पण गावातल्या ग्रंथालयाचा पाया लोकांच्या संस्थेवरच राहिला.

या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा, पण तिच्यातली खोट झाकू नये. जुन्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, वकिलांच्या आणि इंग्रजी शिकलेल्या कारकुनांच्या होत्या. ज्यांच्याकडे अक्षर आणि फुरसत या दोन्ही गोष्टी होत्या, त्यांचीच ती लोकवर्गणी. म्हणूनच १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढणं हेही तिच्या उद्दिष्टांत होतं. दार सगळ्यांसाठी उघडं आहे असं पाटीवर लिहून भागत नाही. दारापाशी बसलेली माणसं कोण आहेत, त्यावर आत कोण येणार हे ठरतं. गावात स्वयंसेवकांचा गट बांधताना ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवी. एका आळीतल्या, एका आडनावाच्या दहा जणांनी वाचनालय कितीही मनापासून सांभाळलं, तरी ते त्या आळीचंच राहतं.

आता अनुदानाची स्थिती. ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होतं. २०२२ च्या अखेरीस शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली आणि ही रक्कम ४८,००० झाली. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने महिन्याला ४,००० रुपये. त्यातली निम्मी रक्कम पगारावर घातली, तर जो माणूस रोज कुलूप उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं मांडतो, देवघेवीची नोंद करतो, त्याच्या हातात महिन्याला २,००० रुपये पडतात. कापूस वेचणीची मजुरी याहून बरी. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल, फर्निचर आणि बाइंडिंग. ही रक्कमही दोन हप्त्यांत येते. मधल्या महिन्यांत पेपरवाल्याची उधारी चढत राहते.

अशा पगारात टिकून राहणाऱ्या ग्रंथपालांना आणि सेवकांना या राज्याने खरं तर मानानं वागवायला हवं. पण गावातल्या तक्रारी ऐकल्या तर सगळा रोख त्यांच्यावरच असतो: वाचनालय वेळेवर उघडत नाही, नवीन काही येत नाही, हवं ते पुस्तक सापडत नाही.

खरी झीज झाली आहे ती कार्यकारी मंडळाच्या ठिकाणी. संस्था काढताना सात-अकरा माणसं उत्साहाने एकत्र येतात. काही वर्षांनी कुणी शहरात जातं, कुणी राजकारणात, कुणी वारतं. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणं राहून जातं. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं, सह्या घरोघर फिरून आणल्या जातात. शेवटी वाचनालय एका माणसाच्या घराण्याकडे उरतं. तो माणूस वाईट असतो असं नाही. अनेकदा त्याच्याच चिकाटीमुळे ते तग धरून असतं. पण एका खांद्यावरचं ओझं म्हणजे सार्वजनिक संस्था नव्हे. २०१२ मध्ये शासनाने महसूल खात्याकडून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी करून घेतली, तेव्हा अनेक ठिकाणी त्रुटी निघाल्या आणि नव्या मान्यता, दर्जावाढ वर्षानुवर्षं अडकून पडल्या. जी ग्रंथालयं चोख होती त्यांनाही त्याची झळ बसली. ती पडताळणी वरून आली. गावातली माणसं रोज डोकावत असती, तर एवढं सगळं एकाच वेळी उघडं पडण्याची पाळी आली नसती.

म्हणून मंडळाच्या बाहेर एक दुसरं कडं हवं. त्याला ‘वाचनालय मित्र’ म्हणावं, सेवाधारी म्हणावं, काहीही म्हणावं. पद नको, खुर्ची नको, सहीचा अधिकार नको. प्रत्येकाने आठवड्यातले दोन तास द्यायचे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कामाला. शेगावच्या सेवेमागचं बळ भावनेइतकंच पाळीच्या शिस्तीत आहे. ‘जमेल तेव्हा येईन’ म्हणणारे पन्नास जण आणि ‘मंगळवारी साडेसात ते साडेनऊ माझे’ म्हणणारे सहा जण यांतून वाचनालयाने सहाच निवडावेत.

या माणसांनी करायचं काय? पहिली गोष्ट वेळ. शेतीच्या गावात संध्याकाळी लवकर बंद होणारं वाचनालय अनेकांना मिळतच नाही. रानातून परत येऊन हातपाय धुऊन माणूस मोकळा होतो तेव्हा कुलूप लागलेलं असतं. बायकांना फुरसत मिळालीच तर दुपारी, आणि तीही वेचणीच्या दिवसांत नाही. अपुऱ्या पगारावर दिवसा काम करणाऱ्या सेवकाला रात्रीही बसवणं अन्याय आहे. पण त्याच्या वेळेला हात न लावता रात्रीचे दोन तास पाळीने उघडं ठेवणं मित्रमंडळींना सहज जमण्यासारखं आहे. बायकांसाठी तर दुपारी पिशवीत पंचवीस पुस्तकं घालून गल्लीत जावं. केरळातल्या ग्रंथालयांनी घरोघर जाऊन स्त्रियांना पुस्तकं देण्याची योजना राबवली आहे. ती इथे न जमण्याचं काही कारण नाही. बचतगटाची बैठक हे त्यासाठी आयतं ठिकाण.

दुसरी गोष्ट पुस्तकांची निवड. इथे जरा थांबायला हवं, कारण वाचनालयं ओस पडण्याचं मोठं कारण इथे आहे. अनुदानाचा हप्ता हाती येतो आणि मार्चअखेर डोक्यावर असते. मग घाईघाईत, जास्त सवलत देणाऱ्या विक्रेत्याकडून गठ्ठे घेतले जातात. दाखल नोंदवहीत आकडा वाढतो. कपाटात मात्र कुणी न मागितलेली पुस्तकं रांगेने उभी राहतात. मित्रगटाने वर्षभर मागणी वही चालवावी. कोण काय विचारून गेलं, तारखेसह. पोलीस भरतीची पुस्तकं, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर लिहिलेलं काही, एखादी नवी कादंबरी, मुलांसाठी चित्रांची पुस्तकं. या पट्ट्यात उर्दू शाळेत शिकणारी मुलंही आहेत. उर्दू पुस्तकांचं एक फडताळ असलं तर तीही येतील. मार्चमध्ये मंडळाच्या हाती ही वही असेल, तर खरेदी वाचकाच्या मागणीवरून होईल.

देणगीची पुस्तकंही तपासूनच घ्यावीत. जुनी गाईडं, बाद झालेले पाठ्यक्रम, पानं गळालेले दिवाळी अंक लोक उदारपणे आणून टाकतात. ते नाकारायला सेवकाला संकोच वाटतो. गटातल्या माणसाने नम्रपणे सांगावं की वाचनालयाला पुस्तक हवं आहे, आणि त्याऐवजी एखाद्या मासिकाची वर्षाची वर्गणी भरता येईल का.

नाशिकच्या विनायक रानडे यांनी २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने या बाबतीत एक उपयोगी गोष्ट दाखवून दिली. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती सांभाळणारा एक माणूस, भोवती वाचकांचा छोटा गट आणि काही महिन्यांनी पेटीची अदलाबदल. दुबईतल्या मराठी कुटुंबांपर्यंत या पेट्या पोचल्या. त्यांचं यश पुस्तकांच्या संख्येत नव्हतं. पेटी कुणाच्या तरी नावावर असते आणि ती पुढे सरकत राहते, यात होतं. तालुक्यातल्या पाच-सहा वाचनालयांनी आपापली शंभर-शंभर पुस्तकं अशी फिरवली, तर प्रत्येक गावाला दर तिमाहीत नवं काही मिळेल आणि एक रुपयाही जादा लागणार नाही. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, १९१० नंतर, अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली फिरत्या पेट्या खेड्यांत जात होत्याच. त्या संस्थानातही मोतीभाई अमीन यांची मित्रमंडळं आधीपासून गावात वाचनालयं चालवत होती. पुढे गावाने एक तृतीयांश, प्रांत पंचायतीने एक तृतीयांश आणि संस्थानाने एक तृतीयांश असा खर्चाचा वाटा ठरला. लोकांची संघटना आणि राज्याचा पैसा एकमेकांच्या जागी न येता शेजारी उभे राहिले, म्हणून ती योजना टिकली.

तिसरी गोष्ट अभ्यासिका. गावातल्या वाचनालयात आज सगळ्यात जास्त गर्दी कुणाची असेल तर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींची. जुन्या वाचकांना याचं वाईट वाटतं. ही मुलं कपाटाकडे बघतही नाहीत, स्वतःचीच पुस्तकं आणतात आणि खुर्च्या अडवतात, असं ते म्हणतात. ही तक्रार खरी असली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष पटण्यासारखा नाही. घरात दोन खोल्या, टीव्ही, गुरं आणि पाहुणे असताना ज्या मुलीला शांत टेबल दुसरीकडे कुठेच मिळत नाही, तिला ते देणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचंच काम आहे. उलट, गावाला स्वयंसेवक हवे असतील तर ते आधीच आत बसलेले आहेत. रोज आठ तास बसणाऱ्या मुलाने आठवड्यातला एक तास वाचनालयाला द्यावा: रविवारी सकाळी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात, फाटकी पुस्तकं बाइंडिंगसाठी वेगळी काढावीत, परत न आलेल्या पुस्तकांसाठी घरोघर जावं. त्यातले काही जण उद्या तलाठी, ग्रामसेवक किंवा फौजदार होतील. ज्या गावात बदली होईल तिथल्या वाचनालयाकडे ते मग वेगळ्या नजरेने बघतील.

इथे एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. फुकट काम करणारी माणसं मिळाली की सरकार हात काढून घेतं. इंग्लंडमध्ये हे घडून गेलं आहे. २०१० नंतर काटकसरीच्या धोरणात स्थानिक परिषदांचा निधी आटला, शेकडो ग्रंथालयं बंद झाली आणि उरलेल्यांपैकी बरीच गावकऱ्यांच्या हवाली करण्यात आली. चालवा, नाहीतर बंद पडेल. लोकांनी ती वाचवली, पण प्रशिक्षित ग्रंथपाल गेले. जिथे निवृत्त, सुशिक्षित आणि सवड असलेली माणसं होती तिथे ग्रंथालय तगलं. गरीब वस्त्यांना ते अवघड गेलं. स्वयंसेवेवर सगळा भार टाकला की सेवा तिथेच पोचते जिथे तिची गरज तुलनेने कमी असते.

महाराष्ट्रात धोका याहून मोठा आहे, कारण इथली व्यवस्था आधीच स्वयंसेवेच्या गृहीतकावर उभी आहे आणि त्याच गृहीतकाने सेवकांचा पगार इतका खाली ठेवला आहे. तेव्हा मित्रगटाची एक अट पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावी: ग्रंथपालाचं काम काढून घ्यायचं नाही. वर्गीकरण, नोंदी, देवघेव, हिशेब ही पगारी माणसाची कामं. त्यांना मदत चालेल, बदली चालणार नाही. आणि त्या माणसाला जगण्यापुरता पगार मिळावा यासाठी गटाने आमदारांकडे, पालकमंत्र्यांकडे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे सतत बोलत राहावं. सेवकाने स्वतःच्या पगारासाठी बोललं तर ती त्याची मागणी ठरते. गावातल्या चाळीस वाचकांनी सह्या करून दिल्या तर ती गावाची मागणी होते. केवळ पुस्तकांवरची धूळ झटकणारा आणि अनुदानाबद्दल गप्प बसणारा गट, नकळत का होईना, टंचाई लपवण्याचं काम करतो.

केरळात हेच घडवून आणलं गेलं. पु. ना. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये ४७ ग्रंथालयांना एकत्र करून त्रावणकोरमध्ये ग्रंथशाळा संघ उभारला आणि पुढची काही दशकं गावोगाव फिरून तो वाढवला. १९८९ मध्ये केरळचा कायदा झाला. त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आला आणि ग्रंथालय परिषदेवर प्रतिनिधी निवडून देण्याची पद्धत आली. तिथलं खेड्यातलं ग्रंथालय आजही स्थानिक माणसंच चालवतात. पण त्यांच्यामागे करातून येणारा नियमित पैसा आहे आणि वर निवडून गेलेलं मंडळ आहे. संघटना आधी झाली, कायदा नंतर. पणिक्करांच्या पिढीने फक्त पुस्तकं वाटली असती तर तो उपकर आला नसता.

गटबाजीचा आक्षेपही येतोच. गावात दोन पार्ट्या असतात आणि मित्रगट निघाला की तो कुणाचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. या भीतीवर उपाय उघडेपणाचाच. कुणाच्याही हाती पैसा न देणारा, ठरावावर सही न करणारा आणि दर महिन्याला भिंतीवर चार ओळी लावणारा गट ताब्यात घेऊन कुणाला काय मिळणार? त्या चार ओळी साध्या असाव्यात: या महिन्यात किती पुस्तकं गेली, किती परत आली, नवी कोणती आली, कोणत्या दिवशी दार उघडलं नाही. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

ग्रामपंचायतही या चित्रात हवी. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या २९ विषयांत ग्रंथालयं आहेत, विसाव्या क्रमांकावर. तरीही वाचनालयाचं वीजबिल किंवा गळकं छत हा ग्रामसभेचा विषय क्वचितच होतो. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा भरते. राज्याचा ग्रंथालय कायदाही याच तारखेला लागू झाला. धामणगाव बढे इथल्या ग्रामसभेत त्या दिवशी पाणी, रस्ता आणि घरकुलांच्या यादीनंतर वाचनालयाचा वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचला जावा: अनुदान किती आलं, पुस्तकं कोणती घेतली, सेवकाला महिन्याला किती दिले, रात्रीचे दोन तास कुणाकुणाच्या पाळीने उघडे राहिले. मग मागे बसलेल्या एखाद्या बाईने उभं राहून विचारावं, की दुपारची पिशवी तिच्या गल्लीत का येत नाही, आणि त्या पिशवीची पाळी कुणाची हे तिथल्या तिथे ठरावं.